बंबाखू आणि भावजयीची रोपं

९ जानेवारी

शी, शी, शी! लिहितानाही अंगावर काटा येतोय.

सकाळी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, जरा शेतात ये गं. पाणी भरपूर आहे तरी टोमॅटो माना टाकतायत." गेले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी मातीतून फिकट, पिवळट, ओलसर कोंब वर आलेले. पान नाही. हिरवा रंग नावालाही नाही. काहींना जांभळट फुलं, काही वाळून त्यांच्या बोंडांतून भुकटी सांडत होती. मी खुरप्याने एक उकरलं. खाली कांद्याएवढी लिबलिबीत गाठ, आणि ती टोमॅटोच्या मुळाला घट्ट चिकटलेली. ओढली तर मूळच तुटून हातात आलं. मला उमासा आला. घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले, तरी दुपारी ताटावर बसवेना.

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून एकतीस वर्षं काढली. बेडूक, साप, गांडुळं सगळं पाहिलं. पण तिथे घाण बाटलीत असायची आणि बाटलीला झाकण असायचं. निवृत्त होऊन धाकट्याकडे राहायला आले त्याला अजून तीन महिने झाले नाहीत, आणि या घरात कशालाच झाकण नाही. भावजय शेळ्यांच्या लेंड्या हाताने कालवते आणि त्याच हाताने चहा करते. धुते म्हणे मध्ये. मी काही पाहिलेलं नाही.

१३ जानेवारी

कृषी सल्लागार येऊन गेला. चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि बोलता बोलता तो मधल्या बोटाने वर ढकलतो. त्याचं नाव मी चष्माच ठेवलंय.

"याला बंबाखू म्हणतात," तो म्हणाला. नाव ऐकून धाकटा फिस्सकन हसला. चष्मा हसला नाही. "हसू नका. हे तण मुळावर जगतं. एकेका झाडाला लाखाने बी, धुळीसारखं बारीक. मातीत पंधरा-पंधरा वर्षं मरत नाही. वांगी, टोमॅटो, काहीही लावा, हे खाली टपून बसलेलं असतं."

मग त्याने करायची कामं सांगितली. हे उपटायचं, जागच्या जागी पोत्यात भरायचं, तोंड बांधायचं, जाळायचं. बांधावर नाही, उकिरड्यावर नाही, जाळायचंच. तणनाशक दोनदा, मध्ये पंचवीस दिवस सोडून, आणि तेही औषधासारखं मोजून. जरा जास्त झालं की टोमॅटोही जाणार. शिवाय अमोनियम सल्फेट आणि निंबोळी पेंड, म्हणजे झाड तगेल आणि बंबाखूचा जोर कमी होईल.

धाकटा लगेच म्हणाला, "ताई, हे तूच हातात घे. तुझ्याइतकं मोजूनमापून या घरात कोण करणार?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून मीच त्याचं सगळं केलं. माझी किंमत त्यालाच कळते.

जाताना चष्मा मागच्या शेडनेटमध्ये डोकावला. भावजयीने तिथे नर्सरी मांडली आहे. "वहिनी, रोपं झकास आहेत हो," म्हणाला. ती लाजून पदराला हात पुसू लागली. पदराला! त्या हातांनी!

१५ जानेवारी

दिवसभर उपटत होते. दोन जोड हातमोजे चढवले तरी त्या कोंबांचा गारवा आत लागतो. मोडला की आतून चिकट पाणी. वाळलेल्यांची भुकटी नाकात जाते. चार पोती भरली.

जाळायला म्हणून न्हाणीमागे नेली. ओली घाण जळते थोडीच! नुसता धूर झाला, तोही थेट माझ्या खोलीत. वाळत घातलेल्या तिन्ही साड्यांना वास लागला. वैतागून उरलेली तीन पोती शेळ्यांपुढे रिकामी केली. मेल्यांनी पाच मिनिटांत फडशा पाडला, देठसुद्धा ठेवला नाही. हे मला आधी का सुचलं नाही! धूर नाही, राख नाही, काम चोख.

भावजय पाण्याची बादली घेऊन आली. "ताई, साहेब जाळायला म्हणाले होते ना?"

"जाळून काय आणि खाऊन काय? पोटात गेलं ते संपलं," मी म्हटलं. "पचनसंस्थेचा तक्ता एकतीस वर्षं मी भिंतीवर टांगलाय. मला नको सांगूस."

"बरं," म्हणाली आणि पाणी ओतून गेली. वाद घालायची तिला सवयच नाही. कधीकधी त्याचाही राग येतो.

१९ जानेवारी

पहिली फवारणी. मी शाळेतून निरोपाला मिळालेलं काचेचं मोजपात्र काढलं. फवारणीवाला पंप पाठीला लावून दात काढत उभा.

"मावशी, आम्ही झाकणाने मोजतो."

"म्हणून तर तुमच्या शेतात तण आणि पीक दोन्ही एकदमच मरतात," मी म्हटलं. प्रत्येक पंपाला डोळ्यांच्या रेषेत धरून मोजून दिलं, एक थेंब इकडेतिकडे नाही. धाकटा बांधावरून बघत होता. "बघ, बघ, ताईकडून शीक जरा," असं त्याने भावजयीला ओरडून सांगितलं. ती शेळ्यांचा गोठा झाडत होती.

२८ जानेवारी

उपटणं चालूच. रोज एक पोतं, रोज शेळ्यांना. आता मी दिसले की ओरडतात. त्या पिवळ्या डोळ्यांनी अशा बघतात की मला पोतं तिथेच टाकून पळावंसं वाटतं.

८ फेब्रुवारी

अमोनियम सल्फेट दिलं, पेंड दिली. पेंडीचा वास केसांत बसलाय, दोनदा न्हायले.

भावजयीने मोठ्या काळ्या पिशव्यांत माती आणि लेंडीखत भरून वांग्याची वीस झाडं लावली आणि शेडनेटच्या दारात ओळीने मांडली. लोकांना जात दिसावी म्हणून, म्हणे. खत नीट कुजलेलंही नव्हतं, नवं-जुनं एकत्र. आख्खी कोपरापर्यंत बरबटली होती आणि वर गुणगुणत होती. मला बघवेना, मी आत आले.

१३ फेब्रुवारी

दुसरी फवारणी केली. पहिल्यासारखीच, थेंब मोजून.

२७ फेब्रुवारी

टोमॅटो वर आले! नवी पालवी, फुलं, खाली तुरळक चार-दोन कोंब, तेही काळे पडलेले. चष्म्याने फोनवर "मॅडम, कमाल केलीत" असं म्हटलं. मॅडम! शाळेत एकतीस वर्षांत कोणी मॅडम म्हटलं नाही, 'अहो लॅबवाल्या बाई' म्हणायचे.

धाकटा येईल-जाईल त्याला सांगतो, "आमच्या ताईने शेत वाचवलं." मी आपली नको नको म्हणते, पण ऐकते.

५ मार्च

भावजयीला मोठी मागणी आली आहे. चाळीस शेतकऱ्यांना वांग्याची बारा हजार रोपं, १२ एप्रिलला द्यायची. तिची स्वतःची अशी पहिलीच. वहीत चाळीस जणांची नावं लिहून घेतली आहेत, अक्षर दुसरीतल्या मुलीसारखं, पण लिहिली आहेत. रात्रीच्या जेवणाला सांगत होती. "एवढं जमलं ना ताई, की पुढच्या वेळी सगळे माझ्याकडेच येतील."

धाकटा म्हणाला, "आधी जमू तर दे. मग नाच." आम्ही दोघं हसलो. तीही हसली थोडी.

दिवसभर पिशव्या भरते, त्याच ढिगातलं लेंडीखत. अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही. मी नाकाला पदर लावून जाते-येते.

२ एप्रिल

रोपं वीतभर झाली. सगळी एका उंचीची. भावजय पहाटेपासून तिथेच असते, मान मोडेस्तोवर. जेवण मात्र वेळेवर असतं, हे कबूल करायला हवं.

६ एप्रिल

दारातल्या वांग्यांच्या पिशव्यांतून बंबाखू वर आलाय. वीसपैकी अकरा पिशव्यांत.

मी पाहिला आणि जागीच ओरडले. भावजय धावत आली. खाली बसून एकेका कोंबाला बोट लावून बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "तरी मी सांगत होते! खुरपी धूत नाहीस, चपला बाहेर काढत नाहीस, टोमॅटोतली माती पायाने आत आणलीस तू." तिने उठून चष्म्याला फोन केला.

७ एप्रिल

चष्मा आला. भावजय, धाकटा, मी, चौघं शेडनेटमध्ये बसलो. तो विचारत गेला आणि भावजय उत्तरं देत गेली. माती कुठली? टेकाडावरची, तिथे कधी पीक नव्हतं. खुरपी? नर्सरीची वेगळी, भिंतीला टांगलेली असतात, त्याने पाहिलीही. चपला? दारात काढते, शेतात तर दोन महिन्यांत गेलेच नाही. पाणी? विहिरीचं.

"मग खत," तो म्हणाला. "लेंडीखत तुमच्याच शेळ्यांचं? त्यांना ते उपटलेलं तण तर नाही ना घातलं कुणी? याचं बी जनावराच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, वहिनी. पचत नाही ते. म्हणून तर जाळा म्हटलं होतं."

मी उठले आणि पाणी आणायला घरात गेले. तांब्या काठोकाठ भरला, वर पेला पालथा घातला. परत आले तेव्हा भावजय बोलत होती, "…माझ्याकडूनच गेलं असेल साहेब, लक्षात आलं नाही."

चष्म्याने चष्मा वर ढकलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेला त्याच्या हातात दिला.

वाचले. देवा, असं पहिल्यांदा मनात आलं, वाचले! नंतर किळस आली. त्या बिचारीला ठाऊकही नसेल की मीच घातलं होतं. की ती विसरली असेल? जानेवारीतली गोष्ट. तिच्या डोक्यात कामं तरी किती असतात.

७ एप्रिल, संध्याकाळ

धाकट्याने घर डोक्यावर घेतलं. "बेअक्कल! माणसाने उपटायचं, मोजायचं, राब राब राबायचं, आणि ही बया शेळ्यांना खाऊ घालते! तुझी घाणेरडी सवय आज ना उद्या घराला भोवणार होतीच." आणखीही बरंच बोलला. ते लिहीत नाही.

मग जरा शांत झाल्यावर म्हणाला, "रोपांवर दिसतंय का काही? नाही ना? मग देऊन टाक बाराला. दोन महिन्यांनी कोण विचारायला येतंय?"

भावजय म्हणाली, "नाही देणार."

"काय?"

"चाळीस जणांच्या शेतात ते घालू? पंधरा वर्षं जात नाही म्हणाले साहेब. मी नाही देणार."

तो ताटावरून उठला. नर्सरी आजपासून बंद, शेडनेट उतरवून टाकायचं, असं ओरडून बाहेर गेला. वैतागला होता म्हणून बोलला असेल, एरवी तो असा नाही. मी ताट पुढे सारलं. भावजयीने माझं ताट उचललं आणि "दूध तरी घ्या ताई" म्हणाली. तिच्या हातचं दूध मी गटागटा प्यायले.

९ एप्रिल

आज सांगणार होते. सकाळी ती फोनवर होती. वही मांडीवर घेऊन एकेकाला सांगत होती, रोपं देता येणार नाहीत, चूक आमच्याकडची आहे. सतरा जणांना सांगून झालं होतं. कोणीतरी पलीकडून एवढं ओरडत होतं की मला दारापर्यंत ऐकू आलं. ती नुसती "हो, हो, बरोबर आहे तुमचं," म्हणत राहिली. अशात कसं सांगायचं? उद्या सांगेन.

१० एप्रिल

सांगितलं नाही. चक्कर येत होती.

१२ एप्रिल

आज रोपं द्यायचा दिवस होता. दोघं माहीत नसल्यामुळे आले, रिकाम्या ट्रॉलीसकट. भावजयीने त्यांना चहा दिला. एक जण जाताना म्हणाला, "बाईमाणसाच्या नादी लागलो, चुकलंच." धाकट्याने मान हलवली. त्याच्याच अंगणात, त्याच्याच बायकोबद्दल, आणि याने मान हलवली!

मी तिथेच होते. माझी जीभ जड झाली होती असंही नाही. चांगली हलत होती, चहात साखर कमी आहे एवढं बोलले मी. शी! आरशात तोंड बघवत नाही. कसली मोजपात्रं आणि कसलं काय! बाई नाही, घाण आहे मी. घाणीला निदान वास तरी येतो, लोक लांब तरी होतात.

१४ एप्रिल

धाकटा तिच्याशी सरळ बोलत नाही. मीठ हवं असलं तरी मला सांगतो, "तिला सांग मीठ आणायला." आणि मी सांगते.

१६ एप्रिल

चष्म्याच्या सांगण्यावरून मागे खोल खड्डा खणला आहे. रोपं जाळायची, माती पुरायची, लेंडीखताचा ढीग सगळा त्यातच. सकाळपासून आम्ही दोघी लागलो होतो. मी पिशव्या उचलून द्यायची, ती ब्लेडने फाडून रोप एकीकडे आणि माती खड्ड्यात. रोपं इतकी गुणी होती! हिरवीगार, मुळं पांढरीशुभ्र, हातात घेतली की मातीचा गोळा न फुटता येणारी. मी हातमोजे काढून ठेवले. ते घालून तिच्यासमोर बसायची लाज वाटली.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, "शेळ्यांना ते मी घातलं होतं. महिनाभर. एक पोतं सोडून मी काहीच जाळलं नाही."

तिने पिशवी फाडली, रोप बाजूला ठेवलं. "माहीत आहे."

"माहीत आहे? मग साहेबांसमोर स्वतःवर का घेतलंस?"

"तुम्ही पाणी आणायला गेलात. म्हटलं, भांबावल्या असतील. आल्या की सांगतील."

"आणि नंतर?"

"नंतरही तेच. आज नववा दिवस." तिने हात पुढे केला. "द्या ती."

मी पिशवी तिच्या हातात दिली आणि तशीच उठले. धाकटा पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. धूर, साड्या, तीन पोती, रोजचं एक पोतं, पाण्याचा तांब्या. आता हा तिला बोलला ते सगळं मला बोलणार, आणि बोलावंच, असं मनाशी धरून उभी होते.

तो हसला. "एवढंच ना? अगं ताई, मी घाबरलो की काय झालं! तू काय मुद्दाम केलंस? होतं असं. नऊ दिवस हे डोक्यात घेऊन उपाशी राहिलीस होय? वेडी कुठली." उठून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऊन बघ केवढं आहे. हात धू, चार घास खा."

"आणि तिला जे बोललास ते?"

"तिचं वेगळं आहे गं."

"मग नर्सरी?"

"ती बंद म्हटलं ना. आता पुन्हा तो विषय नको."

त्याचा हात खांद्यावरच होता. याच हाताला धरून मी त्याला शाळेत सोडायची, ताप आला की याच हाताची नाडी बघायची. आज तो मला नकोसा झाला. मी खांदा काढून घेतला, आणि वळले तर भावजय मागे उभी. रिकामी पोती न्यायला आली होती. सगळं ऐकलं होतं तिने. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

तिने उचललेली पोती त्याच्या पायाशी ठेवली. "राहिलेल्या पिशव्या तुम्ही दोघं करा," एवढंच म्हणाली. चपला घातल्या, नावांची वही कोनाड्यातून घेतली आणि फाटकाबाहेर पडली.

धाकटा फाटकाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"हिला काय झालं आता?" त्याने मला विचारलं.